मिनी ट्रॅक्टर ट्रॉलीवर चढवून बांधण्याची पद्धत

द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत चालणारा १८ ते २८ एचपीचा ट्रॅक्टर रस्त्यावर ताशी २०-२५ किलोमीटरच्या वर पळत नाही. बाग ३०-४० किलोमीटर लांब असली, फवारणीचं भाड्याचं काम दुसऱ्या तालुक्यात निघालं किंवा ट्रॅक्टर दुरुस्तीला न्यायचा झाला, की तो मोठ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाहीतर पिकअपमध्ये घालून न्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी हे काम हँडब्रेक, चाकांना दोन दगड आणि फाळक्यावरून फिरवलेला नायलॉनचा दोर, एवढ्यावर उरकतात. सपाट रस्त्यावर ते टिकतं. घाटात पहिला जोराचा ब्रेक लागला किंवा न दिसलेल्या गतिरोधकावरून ट्रॉली उडाली, की टिकत नाही.

म्हणून पुढची सगळी माहिती एकाच गोष्टीभोवती आहे: ट्रॅक्टर त्याच्या वजनाने किंवा ब्रेकने जागेवर राहतो असं धरायचंच नाही. चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र ताण हवेत. प्रत्येक ताणाचं एक टोक ट्रॅक्टरच्या बिडाच्या किंवा जाड पोलादी भागाला आणि दुसरं टोक ट्रॉलीच्या सांगाड्याला.

आधी वजन

मिनी ट्रॅक्टर दिसायला लहान असतो, पण त्याचं वजन मॉडेलनुसार साधारण ६०० किलोपासून १,००० किलोच्या आसपास असतं. आरसीवर अनलेडन वेट (रिकामं वजन) लिहिलेलं असतं, तिथून सुरुवात करा. मग त्यात भर घाला. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं असेल तर ते, पुढची बिडाची वजनं, लोखंडी छत, आणि सोबत जाणारी अवजारं. तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटर १५० ते २०० किलोच्या घरात जातो. शंका असेल तर साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावरून एकदा ट्रॅक्टर नेऊन घ्या. एकदाच करायचं काम आहे, आणि तो आकडा पुढे प्रत्येक वेळी उपयोगी पडतो.

पिकअप किती वजन घेईल हे विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर ठरवू नका. त्या गाडीच्या आरसीवरच्या ग्रॉस वेटमधून (मालासकट कमाल वजनातून) अनलेडन वेट वजा करा, उरेल तेवढाच माल. एक टनाखालच्या छोट्या हत्तीसारख्या गाड्या या कामाच्या नाहीत. त्यांचा हौदा आखूड असतो आणि ट्रॅक्टरचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे जातं. हौद्याची लांबी मोजताना ट्रॅक्टर पुढच्या बंपरपासून मागच्या लोअर लिंकच्या (अवजार जोडायच्या खालच्या दांड्यांच्या) टोकापर्यंत मोजा. मागचा फाळका उघडा टाकून त्यावर चाकं टेकवून नेणं दोन कारणांनी चूक आहे. एक तर फाळक्याच्या बिजागऱ्या हे वजन घ्यायला केलेल्या नसतात. दुसरं, माल बाहेर आला की मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जास्त वजनालाही तेवढीच, आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये.

ट्रॉली आधी पक्की करा

एका अ‍ॅक्सलच्या दोनचाकी ट्रॉलीत चढवतानाच सर्वात मोठा धोका असतो, आणि तो सहसा लक्षात येत नाही. मिनी ट्रॅक्टर मागच्या टोकावर आला की ट्रॉली तराजूसारखी मागे झुकते आणि तिचा दांडा वर उचलतो. तो दांडा ओढणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरच्या हूकला अडकलेला असतो, म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरची मागची चाकंही हलकी होतात. ब्रेक त्याच चाकांना असतात. चाकं हलकी झाली की ब्रेक लावलेला असूनही अख्खी जोडी पुढे सरकते आणि मधे फळ्यांवर असलेला मिनी ट्रॅक्टर खाली येतो.

यावर उपाय साधा आहे. चढवण्याआधी ट्रॉलीच्या मागच्या आडव्या चॅनेलखाली दोन्ही बाजूंना लाकडी ओंडके रचून किंवा दोन स्क्रू जॅक लावून ती टेकवा. मधे एक बोटसुद्धा फट ठेवू नका. ट्रॉलीच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. मोठा ट्रॅक्टर गिअरमध्ये, ब्रेक लावून आणि त्याच्याही चाकांना ठोकळे.

ट्रॉली टिपिंगची असेल तर आणखी एक काम. तिचा हौदा मागच्या बाजूच्या पिनांवर उचलला जातो, पुढे तो सांगाड्यावर नुसता टेकलेला असतो. मागच्या टोकावर वजन आलं की हौद्याचा पुढचा भाग उचलू शकतो. त्यामुळे पुढे हौदा आणि खालचा सांगाडा साखळीने एकत्र आवळून घ्या. ही साखळी प्रवासभर तशीच राहू द्या. उतार कमी व्हावा म्हणून हौदा थोडा उचलून त्यावर ट्रॅक्टर चढवण्याचा प्रकार कधीही करू नका. तेलाच्या एका पाइपवर सगळा भार राहतो.

हौद्याचा पत्रा झाडून घ्या. चिखल, वाळू, सांडलेलं डिझेल, जुना ओला भुसा हे टायरखाली असेल तर रबराची पकड निम्म्याहून कमी होते. ट्रॅक्टरच्या टायरच्या नक्षीतला चिखलही काढा. तो प्रवासात वाळून गळतो आणि मग टायर तेवढा खाली बसून बेल्ट ढिले पडतात.

चढवायच्या फळ्या

उंचीच्या साडेतीन पट लांबीची फळी हा कामाचा हिशेब. रिकाम्या पिकअपचा हौदा जमिनीपासून ८५-९० सेंटिमीटर असेल तर ३ मीटरची फळी लागते. उतार १७ अंशांच्या आसपास येतो. आठ फुटी फळीवर तोच उतार २२ अंशांवर जातो, आणि तो फार होतो. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला तर १७ अंशही जास्तच, त्याचा हिशेब पुढे ‘चढवताना’मध्ये आहे.

फळ्या लोखंडी करून घ्यायच्या तर ७५ मिलिमीटरचे दोन सी-चॅनेल उभे ठेवून, त्यांच्या मधे ३० सेंटिमीटर रुंदीला ४० बाय ४० च्या अँगलचे तुकडे पायऱ्यांसारखे, दर १५ सेंटिमीटरवर एक, असे वेल्ड करा. चॅनेल उभा म्हणजे त्याची रुंद बाजू भिंतीसारखी. अनेक ठिकाणी एकच चॅनेल पालथा घालून त्यावरून चाक नेतात. दिसायला सपाट रस्ता मिळतो, पण पालथ्या चॅनेलची वाकण्याला टिकण्याची ताकद उभ्याच्या चौथा भागही नसते. तीन मीटरच्या फळीवर मधोमध मागचं चाक आलं की तो वाकतो. वर सांगितलेल्या पद्धतीची एक फळी साठेक किलोची होते, तेव्हा ती दोघांनी उचलायची.

वरच्या टोकाला हौद्याच्या कडेत अडकणारा आकडा आणि त्यातून १६ मिलिमीटरची पिन हवीच. चालणारं चाक पुढे चढताना फळीला मागे ढकलत असतं. नुसती टेकवलेली फळी इथेच सटकते. दोन फळ्यांमधलं अंतर ट्रॅक्टरच्या चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून ठेवा, पुढची आणि मागची दोन्ही. मिनी ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा आत किंवा बाहेर असू शकतात. फरक जास्त असेल तर रुंद फळी लागेल.

शेतात बांधाला ट्रॉली लावून चढवणं सोपं वाटतं, आणि बांध दगडी पिचिंगचा असेल तर ते चांगलंही आहे. मातीचा बांध मात्र चाकाच्या वजनाने काठावर ढासळतो, पावसानंतर तर नक्कीच. वर्षाला दहा-बारा वेळा ट्रॅक्टर हलवायचा असेल तर शेडजवळ हौद्याच्या उंचीचा दगडी धक्का एकदा बांधून घ्यावा. फळ्यांवरचा सगळा धोका त्यात संपतो.

चढवताना

रोटाव्हेटर, ब्लोअर, जे काही मागे जोडलं असेल ते आधी काढा. सपाट जमिनीवर ८०० किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर साधारण ३०० किलो असतं. १७ अंशांच्या चढावर त्यातलं बरंच मागे सरकून दोनशे-सव्वादोनशे उरतं. मागे २०० किलोचा रोटाव्हेटर लोंबत असेल तर त्यातलेही शंभरेक किलो कमी होतात. एवढ्यावर क्लच झटक्यात सुटला की पुढची चाकं हवेत. ट्रॅक्टर मागे उलटायला दीड सेकंदही पुरतो, आणि चालकाला उडी मारायला तेवढा वेळ मिळत नाही.

डावा-उजवा ब्रेक जोडणारी पट्टी लावा. शेतात वळताना ती काढलेली असते आणि तशीच राहते. फळीवर एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर आडवा होऊन फळीखाली उतरतो.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ती टाका आणि ट्रॅक्टर उलटा, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवा. जड बाजू वर राहते, मागे उलटण्याचा प्रश्न राहत नाही, आणि उतरवताना सरळ पुढे उतरता येतं. टू-व्हील ड्राइव्हला रिव्हर्समध्ये चढताना मागच्या चाकांवरचं वजन कमी होऊन ती घसरतात. त्याला सरळच चढवावं लागतं, पण मग उतार १५ अंशांच्या आत ठेवा, म्हणजे ९० सेंटिमीटर उंचीला साडेतीन मीटरची फळी. दोन्ही प्रकारांत सर्वात हलका, म्हणजे सर्वात हळू चालणारा गिअर, इंजिन जेमतेम वर, आणि फळीवर आल्यानंतर क्लचला पाय लावायचा नाही. फळीवर गिअर बदलणं, थांबून दिशा सुधारणं यातून अपघात होतात. दिशा चुकली तर हळूच परत जमिनीवर या आणि पुन्हा सुरू करा.

खुणा करणारा माणूस हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात नाही आणि फळ्यांच्या मागेही नाही. तो बाजूला, चालकाला दिसेल असा, ट्रॅक्टरच्या लांबीएवढ्या अंतरावर.

कुठे उभा करायचा

६० टक्के वजन मागच्या चाकांवर आणि चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर ट्रॅक्टरचा तोलबिंदू मागच्या चाकांच्या मध्यापासून पुढे ६० सेंटिमीटरवर येतो. दोनचाकी ट्रॉलीत हा बिंदू ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे हवा. म्हणजे सरळ तोंडाने चढवला असेल तर मिनी ट्रॅक्टरची मागची चाकं ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे, आणि उलटा चढवला असेल तर मागची चाकं अ‍ॅक्सलच्या ९० सेंटिमीटर पुढे. तोलबिंदू मागे पडला तर दांडा वर उचलू पाहतो आणि ट्रॉली शेपटीसारखी डोलायला लागते. फार पुढे गेला तर हूकवर आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर बोजा येतो, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग लागत नाही. एकदा बरोबर जागा सापडली की हौद्याच्या पत्र्यावर ऑइल पेंटने चाकांच्या रेषा ओढून ठेवा.

पिकअपमध्ये तोलबिंदू मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढेच हवा. पुढच्या चाकांसमोर हौद्याच्या रुंदीचा १०० बाय १०० मिलिमीटरचा बाभळीचा ओंडका आडवा टाका आणि तो खाली, जिथे पुढची भिंत हौद्याच्या तळाला वेल्ड केलेली असते, तिथे टेकवा. भिंतीचा वरचा पत्रा ब्रेकचा धक्का घेत नाही, खालचा कोपरा घेतो.

ट्रॅक्टर जागेवर आला की हलका गिअर, फोर-व्हील असेल तर ती टाकलेलीच, पार्किंग ब्रेक, किल्ली काढलेली, हायड्रॉलिक पूर्ण खाली. ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. फोर-व्हील टाकलेली असली की गिअरची पकड पुढच्या चाकांनाही मिळते. मग चारही चाकांना ठोकळे. १०० मिलिमीटर जाडीचं लाकूड तिरकं कापून केलेला ठोकळा चांगला. चेकर प्लेटच्या (उठावदार नक्षीच्या पत्र्याच्या) हौद्यात ठोकळा एकटा घसरतो, म्हणून एका चाकाच्या पुढचा आणि मागचा ठोकळा १२ मिलिमीटरच्या गजाने किंवा पट्ट्याने एकमेकांना बांधून टाका.

कशाने बांधायचं

९०० किलोच्या ट्रॅक्टरचा हिशेब करून बघू. जोराच्या ब्रेकला माल आपल्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जाऊ पाहतो, वळणावर ०.५ पट जोराने बाजूला, आणि तेवढाच मागे. माल बांधण्याच्या बऱ्याच देशांतल्या नियमांचा पायाही हाच आहे. म्हणजे पुढे ७२० किलो, बाजूला आणि मागे ४५० किलो. टायरच्या पकडीचा भरवसा यात धरायचा नाही.

पुढे जाण्यापासून मागचे दोन बेल्ट अडवतात. बेल्ट हौद्याशी ४५ अंशांचा कोन करून आणि थोडा बाहेर फाकून बांधला, तर त्याच्या ताणातला साठेक टक्केच भाग मागे ओढतो. प्रत्येक बेल्टवर सुमारे ६०० किलो येतात. तोच बेल्ट ७० अंशांवर, म्हणजे जवळजवळ उभा बांधला, तर तेच काम करायला त्याला १,२०० किलो सोसावे लागतात. म्हणून बेल्ट ३० ते ४५ अंशांत आडवा पडू द्या.

आता साहित्य. ५० मिलिमीटर रुंदीचा पॉलिएस्टरचा रॅचेट बेल्ट (दात्यांच्या हँडलने आवळायचा पट्टा) घ्या, चार कामाला आणि एक जास्तीचा, प्रत्येकी ४ ते ५ मीटर. त्यावर शिवलेलं लेबल वाचा. ठळक छापलेले ‘५ टन’ हा बहुधा तुटण्याचा भार असतो. कामाचा भार त्याच्या निम्मा किंवा एक तृतीयांश धरतात. लेबलवर एलसी (बांधणीचा कामाचा भार) २५०० असं असेल तर सरळ ओढीत सुमारे अडीच टन. तरीही वरच्या ६०० किलोला तो भरपूर पुरतो. लेबल फाटलेला, कड कापलेला किंवा उन्हाने भुरकट होऊन कडक झालेला बेल्ट या कामातून बाद. २५ मिलिमीटरचे मोटारसायकलचे बेल्ट मुळीच नकोत.

साखळीने बांधायचं तर ८ मिलिमीटरची ग्रेड ८० ची साखळी आणि ती आवळायला रॅचेट बाइंडर. दर काही कड्यांवर ८ किंवा ८० असा ठसा असतो. हार्डवेअरच्या दुकानातली बिनठशाची साखळी किती सोसेल हे कोणालाच सांगता येत नाही. साखळी ताणत नाही, कापली जात नाही, हे तिचे गुण. बेल्ट लवकर आवळता येतो. चांगली जोडणी दोन्हींची असते: ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलभोवती दीड मीटरची साखळी, तिच्यात बेल्टचा हूक. बिडाची धारदार कड मग बेल्टला लागतच नाही.

नायलॉनचा दोर फक्त ताडपत्रीला. गाठ मारली की दोराची ताकद निम्म्यावर येते, ऊन लागून ती आणखी घटते, आणि ताण आला की तो इतका लांबतो की ट्रॅक्टरला हलायला मोकळीक मिळते. हलायला जागा मिळाली की प्रत्येक धक्का हातोड्यासारखा बसतो.

कुठे अडकवायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

मागे: मागच्या अ‍ॅक्सलची हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा बिडाचा नळा, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना. साखळी गुंडाळताना ब्रेकचा रॉड आणि तेलाचे पाइप तिच्याखाली दबत नाहीत ना, ते हाताने चाचपून बघा. ड्रॉबारचा (मागे ट्रॉली ओढायच्या दांड्याचा) ब्रॅकेटही चालतो, पण तो मधोमध असल्याने ट्रॅक्टरला बाजूला कलंडण्यापासून थांबवत नाही. मिनी ट्रॅक्टर अरुंद आणि उंच असतो, कलंडणं ही त्याची खोड आहे. आणि पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डोलतो, म्हणजे पुढून कितीही आवळलं तरी धड डोलू शकतं. धडाला आधार देतात ते मागच्या हाउसिंगवरचे दोन बेल्टच. म्हणून ते बाजूला फाकलेलेच हवेत.

पुढे: पुढच्या अ‍ॅक्सलची दोन टोकं किंवा बिडाची वजनं लावायचा जाड ब्रॅकेट. फोर-व्हीलमध्ये अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवर बेल्ट टाकताना ऑइल सील आणि स्टिअरिंगचे पाइप सांभाळा.

यांना काहीही बांधू नका: टाय रॉड, स्टिअरिंग सिलिंडर, पुढची जाळी, बोनेट, मडगार्ड, पायरी, लोअर लिंक, छताचे खांब. लोअर लिंक मजबूत दिसतात, पण त्या डावीकडे-उजवीकडे हलतात आणि ताण लगेच ढिला होतो. चाकाच्या रिममधून बेल्ट ओवण्याची सवयही सोडा. चाक अर्धा इंच फिरलं की सगळा ताण जातो.

आता ट्रॉलीकडचं टोक. हौद्याच्या बाहेरून लावलेले गजाचे छोटे हूक ताडपत्रीच्या दोरासाठी असतात. ६०० किलोला ते सरळ होतात किंवा पत्र्यासकट सुटतात. फाळक्यावरून बेल्ट नेला तर फाळका आत वाकतो. हौद्याखालच्या आडव्या चॅनेलला किंवा त्यावर बसवलेल्या डी-रिंगला अडकवा. रिंगा नसतील तर एकदाच बसवून घ्या: सहा ठिकाणी, हौद्याच्या तळाच्या पत्र्याखाली आडवं चॅनेल आहे तिथेच, खालून १०० बाय १०० बाय ८ मिलिमीटरची पट्टी देऊन ८.८ ग्रेडचे १२ मिलिमीटरचे चार बोल्ट. नुसत्या पत्र्यावर वेल्ड केलेली रिंग उपटून येते. पिकअपच्या लांब चॅसीला मात्र भोकं पाडू नका, वेल्डही करू नका.

हौदा ट्रॅक्टरपेक्षा बराच रुंद असेल तर बेल्ट बाहेर फाकवा. रुंदी जवळपास सारखीच असेल तर फाकायला जागा उरत नाही. तेव्हा डाव्या हाउसिंगचा बेल्ट उजव्या कोपऱ्याला आणि उजवीचा डाव्याला, असा फुलीने न्या. फुलीत बेल्ट एकमेकांवर घासत असतील तर मधे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

आवळणं

आधी चारही बेल्ट हाताने ओढून ढिलाई काढा. रॅचेटच्या दांड्यावर पट्टा किमान दीड-दोन वेढे बसायला हवा, तीनापेक्षा जास्त नको, नाहीतर रॅचेट गच्च होऊन सुटत नाही. मग एक मागचा डावा, एक पुढचा उजवा, असं आळीपाळीने आवळा. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर ट्रॅक्टर तिकडे झुकतो आणि दुसरी बाजू कधीच नीट बसत नाही. दोन्ही हातांनी नेहमीच्या जोराने ओढल्यावर बेल्टमध्ये साधारण ३०० किलोचा ताण येतो. तो पुरे. हँडलला पाइप घालून आणखी ओढल्याने बेल्ट जास्त धरत नाही. रॅचेटचे दात मात्र जातात, आणि साखळीच्या लिव्हर बाइंडरला पाइप लावला तर तो उलटा येऊन जबडा फोडतो.

टायर किंचित दबलेला दिसला पाहिजे, चपटा नाही. हवा आधीच रस्त्याच्या दाबाला भरून ठेवा. मऊ टायर दर खड्ड्याला खाली-वर होतो आणि बेल्ट त्या प्रत्येक वेळी क्षणभर ढिला पडतो. शेवटची परीक्षा: मडगार्ड धरून ट्रॅक्टर जोरात हलवा. ट्रॉलीसकट हलला तर बरोबर, एकटा हलला तर पुन्हा. उरलेला पट्टा गुंडाळून बांधा. लोंबता राहिला तर चाकात जातो.

सुटे भाग आणि अवजारं

उलटा चढवलेल्या ट्रॅक्टरच्या बोनेटखाली वारा शिरतो. कडीवर भरवसा न ठेवता त्यावरून एक बारीक बेल्ट घ्या, हा फक्त बोनेटसाठी. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर डबा घाला, पावसाळ्यात तर हवाच, आणि किल्लीला चिंधी बांधून ठेवा म्हणजे सुरू करण्याआधी डबा काढायची आठवण राहील. छत काढून आडवं ठेवा. टूलबॉक्सचं झाकण, टॉप लिंक, पिना, पीटीओचा शाफ्ट (इंजिनच्या जोरावर अवजार फिरवणारा दांडा) हे सगळं पोत्यात भरून केबिनमध्ये.

रोटाव्हेटर वेगळा माल समजा. त्याची पाती लाकडी फळ्यांवर टेकवा आणि स्वतःचे दोन बेल्ट द्या. त्याला ट्रॅक्टरला बांधू नका. फवारणीच्या टाकीतलं पाणी ओतून द्या: ४०० लिटर म्हणजे ४०० किलो, आणि अर्धवट भरलेलं पाणी वळणावर ज्या बाजूला झुकायला नको त्याच बाजूला जातं.

रस्त्यात

निघण्याआधी ट्रॉलीच्या हूकपिनला कॉटर, हूकखालून सुरक्षेची साखळी आणि मागे लाल रिफ्लेक्टर बघा. ट्रॅक्टर ट्रॉलीचे दिवे झाकत असेल तर मागच्या कडेला रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा, आणि रात्रीचा प्रवास टाळता आला तर टाळाच.

पहिला थांबा ५ ते १० किलोमीटरवर. तोपर्यंत टायर बसतात, साखळीच्या कड्या जागेवर येतात आणि जवळजवळ नेहमीच एक तरी बेल्ट ढिला सापडतो. त्यानंतर दर ५०-६० किलोमीटरला, आणि कसारा, खंबाटकीसारखा घाट उतरायच्या आधी एकदा व उतरल्यावर एकदा. बऱ्याच शेतीच्या ट्रॉलींना कामाचे ब्रेक नसतात. ट्रॉली मागून ढकलत असते. अशा ट्रॉलीने घाटात जायचं असेल तर माथ्यावरच हलका गिअर टाकायचा, उतारावर क्लच दाबायचा नाही. पिकअपला सरळ रस्त्यावर ताशी ५०, घाटात ३० च्या आत. मालावर कोणालाही बसवायचं नाही.

उतरवताना

ट्रॉली सपाट जागी उभी करा, मागे ओंडके लावा, फळ्यांच्या पिना घाला, आणि मगच बेल्टना हात लावा. प्रवासात ट्रॅक्टर सरकलेला असेल तर ताण सुटताच तो आणखी सरकतो, म्हणून ठोकळे आणि गिअर आधी तपासा. बेल्ट सोडताना रॅचेटच्या रेषेत तोंड नको. ठोकळे शेवटी, चालक सीटवर बसून ब्रेक दाबल्यावरच.

उलटा चढवलेला ट्रॅक्टर सरळ उतरतो. सरळ चढवलेला असेल तर त्याला रिव्हर्समध्ये उतरवावं लागतं, आणि हा प्रकार नाजूक आहे: जड बाजू खाली आहे, अशा वेळी अचानक ब्रेक मारला तर पुढची चाकं उचलतात. सर्वात हलक्या रिव्हर्स गिअरमध्ये इंजिनच्या जोरावरच येऊ द्या, पाय ब्रेकजवळ, पण दाबायचा तो हळू. मागची चाकं जमिनीला लागली तरी पुढची अजून फळीवर असतात, तिथे स्टिअरिंग फिरवू नका.

बेल्ट धुऊन सावलीत वाळवा, रॅचेटच्या दात्यांत तेलाचे दोन थेंब टाका आणि पोत्यात भरून शेडमध्ये ठेवा. डिझेल, बॅटरीचं अ‍ॅसिड किंवा तणनाशक सांडलं असेल त्या कोपऱ्यात नाही.